‘दादाचे फोटो उघडतात, बाबांचे नाही’: घरच्या स्टुडिओतल्या शेअर्ड फोल्डरचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढणारं हे कुटुंब. खाली स्टुडिओ, वर राहणं. वडिलांना सगळं गाव अण्णा म्हणतं, म्हणून इथेही अण्णाच म्हणू. मुलगी अल्बम डिझाईन करते. एक मदतनीस आहे, त्याला ती दादा म्हणते. तो लग्नात दुसऱ्या कॅमेऱ्यावर असतो आणि परत आल्यावर कलर करेक्शनला बसतो. ओळख पटू नये म्हणून माणसांचे काही तपशील बदलले आहेत, संगणकांचं वागणं मात्र जसं होतं तसंच सांगतो.

खाली अण्णांचा डेस्कटॉप, विंडोज १० प्रो, त्यात ४ टीबीची डी ड्राइव्ह. शेजारच्या टेबलावर दादाचा पीसी, विंडोज १० होम. वर मुलीचा नवा लॅपटॉप, विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती. तिघांचं काम डी ड्राइव्हवरच्या ‘लग्न’ नावाच्या फोल्डरमधून चालायचं. तो फोल्डर कोणी, कधी शेअर केला होता हे कुणालाच आठवत नव्हतं. चालतंय ना, मग कोण बघतो.

तुळशीचं लग्न लागलं की यांचा हंगाम सुरू. हळदीपासून वरातीपर्यंत दोन कॅमेऱ्यांचे मिळून एका लग्नाचे २५० जीबीच्या आसपास फोटो आणि व्हिडिओ जमतात. ऐन हंगामात इंटरनेटवाल्यांनी जुना राउटर काढून नवा बसवला, आणि त्याच दिवशी संध्याकाळी ‘लग्न’ फोल्डर दिसायचा बंद झाला.

अडचण कशी वाढत गेली

पहिला बिघाड अगदी साधा होता. राउटर बदलला की विंडोजच्या लेखी ते नवंच नेटवर्क असतं. नव्या नेटवर्कला ते ‘पब्लिक’, म्हणजे परक्या ठिकाणचं, मानून चालतं आणि फायरवॉल फाइल शेअरिंगची वाट बंद करते. सेटिंग्जमध्ये जाऊन हे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ केलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. परवानग्यांचा इथे काही संबंधच नव्हता.

पण दादानं एक व्हिडिओ पाहिला आणि त्यात सांगितलेलं सगळं एका दमात केलं. फायरवॉल पूर्ण बंद. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद. अख्खी डी ड्राइव्ह शेअर, ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’. वर जुना एसएमबी १ हा, नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याचा, प्रोटोकॉलही चालू. “अण्णा, दिसतंय बघा माझ्याकडं,” असं तो म्हणाला, आणि खरंच दिसत होतं. यातल्या कशामुळे दिसायला लागलं, हे मात्र कळायची सोय उरली नाही.

मुलीच्या लॅपटॉपवर वेगळाच संदेश आला: तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे अनोळखी पाहुण्यांचा प्रवेश रोखला आहे. घरच्या लॅपटॉपला कुठली आली संस्था? या शब्दांनी माणूस हमखास बुचकळ्यात पडतो. खरा अर्थ एवढाच की पासवर्डाशिवाय आत जाता यावं म्हणून डेस्कटॉप येईल त्याला ‘गेस्ट’ म्हणून आत घेत होता, आणि विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत लॅपटॉप असा पाहुणा म्हणून जायला तयारच नसतो. दादाचा विंडोज १० होम जातो. म्हणून एकाकडे चालत होतं, दुसरीकडे नाही.

पुढचा अंक घरातला. सगळी डी ड्राइव्ह उघडी पडल्यामुळे दादाच्या पीसीवर सातबारा, पासबुकं, आधार कार्डं, सगळ्याचे स्कॅन दिसू लागले. दादावर अविश्वास नव्हता, पण अण्णांना ते आवडलं नाही. त्यांनी ‘माझं’ नावाचा फोल्डर केला, कागद त्यात टाकले, सिक्युरिटी टॅबमध्ये जाऊन वरून येणाऱ्या परवानग्या तोडल्या आणि आपल्याखेरीज बाकी सगळी नावं उडवली. ते त्यांनी अगदी बरोबर केलं. नंतर मात्र कॅमेऱ्याची कार्डंही ते आधी ‘माझं’मध्येच उतरवू लागले, सुरक्षित राहतील म्हणून. हा शेवटचा भाग मला पुष्कळ उशिरा कळला. या प्रकरणातला सगळ्यात चकवणारा बिघाड तिथेच जन्मला होता.

मला बोलावलं तेव्हा मुलगी पेनड्राइव्ह घेऊन जिने चढउतार करत होती.

आधी काय पाहिलं

अशा ठिकाणी बहुतेक जण थेट परवानग्यांच्या खिडकीत शिरतात. मी आधी पाहतो की आलेल्या माणसाला डेस्कटॉप कोण समजतोय. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’च्या खाली ‘सेशन्स’ची यादी असते. कुठल्या मशीनवरून कोण, कुठल्या नावानं जोडलंय, आणि गेस्ट म्हणून आलंय का, हे तिथे दिसतं. दादाचा पीसी जोडलेला होता, नाव ‘गेस्ट’. म्हणजे ‘दादाला वाचू द्या, पुसू देऊ नका’ असं सांगायची सोयच या घरात नव्हती, कारण डेस्कटॉपच्या लेखी दादा नावाचं कोणी आलेलंच नव्हतं.

नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन फाटकं ओलांडावी लागतात. एक शेअरच्या परवानगीचं: रीड, चेंज, फुल कंट्रोल. दुसरं ड्राइव्हवरच्या एनटीएफएस परवानगीचं, जे सिक्युरिटी टॅबमध्ये दिसतं. एनटीएफएस म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायची विंडोजची पद्धत. दोन्हींतलं जे जास्त कडक, ते चालतं. डेस्कटॉपसमोर बसलेल्याला पहिलं फाटक लागतच नाही. म्हणून “अहो, माझ्याकडं तर सगळं उघडतंय की,” हे अण्णांचं म्हणणं खरं असूनही त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं.

पर्याय आणि निवड

सगळ्यात झटपट पर्याय लॅपटॉपला सैल करण्याचा होता. ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे विंडोजच्या नियमांच्या खिडकीतून, असुरक्षित गेस्ट लॉगऑनला मुभा देता येते. पण २४एच२मध्ये लॅपटॉप एसएमबीच्या प्रत्येक निरोपावर सही मागतो आणि गेस्टला सही करता येत नाही, त्यामुळे तीही अट काढावी लागली असती. हाच लॅपटॉप घेऊन मुलगी नवरीच्या घरी फोटो निवडायला जाते, तिथल्या वायफायला जोडते. खालच्या डेस्कटॉपच्या सोयीसाठी बाहेर फिरणाऱ्या मशीनची दोन कुलुपं काढायची, हे मला पटलं नाही. अण्णांना ते पटायला थोडा वेळ लागला, कारण “एवढंच करून टाका की” हे वाक्य त्यांच्या तोंडात तयार होतं.

क्लाउडचा विचार हिशेबातच संपला. त्यांच्या जोडणीचा अपलोडचा वेग ४० एमबीपीएस. २५० जीबी चढवायला सलग १४ तास. वरच्या टेबलापर्यंत आधीच ओढलेल्या गिगाबिट केबलवरून, ड्राइव्ह साथ देत असेल तर, तेच पाऊण तासाच्या आत होतं.

एनएएस, म्हणजे फाइली ठेवायचं वेगळं यंत्र, हा चांगला पर्याय होता. पण हंगामाच्या मध्यावर नवं यंत्र, नव्या ड्राइव्ह आणि सगळा डेटा हलवणं म्हणजे एका गोंधळात दुसरा. तो पुढे ढकलला.

उरला तो जुना, कंटाळवाणा मार्ग: डेस्कटॉपवर प्रत्येकासाठी पासवर्डासह वेगळं खातं. तिघांत मिळून ‘स्टुडिओ’ असं एकच खातं ठेवावं, असं दादाचं म्हणणं होतं. माणसं तीन, घर एक, त्याचंही चुकीचं नव्हतं. पण पुढे दादाच्या जागी दुसरा कोणी आला तर सगळीकडचा पासवर्ड बदलावा लागणार, आणि मूळ फोटो कुणी पुसले हे कधी कळणार नाही. दोन खाती आणि त्यांचा एक गट, असं ठरलं. डेस्कटॉप प्रो असल्यामुळे गट करण्याची खिडकी त्यात होती. विंडोज होममध्ये ती नसते.

“मग पासवर्ड रिकामाच ठेवू,” असाही एक प्रस्ताव आला. विंडोज रिकाम्या पासवर्डाचं खातं समोर बसून उघडू देतं, नेटवर्कवरून उघडू देत नाही. प्रस्ताव तिथेच मिटला.

पहिली कारवाई

आधी सगळं परत मिटवलं. एसएमबी १ काढून टाकला. विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७च्या शेवटापासून, त्याचा फाइली देणारा, म्हणजे सर्व्हरचा, भाग नव्यानं बसवलेल्या विंडोजमध्ये मुळात येतच नाही. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनं याच प्रोटोकॉलमधल्या भगदाडातून जगभर धुमाकूळ घातला होता. या घराला त्याचा उपयोग शून्य होता, कारण तिन्ही मशीन नव्या एसएमबीवर बोलणारी. फायरवॉल चालू केली, नेटवर्क ‘प्रायव्हेट’ केलं, पासवर्डाची अट परत लावली, डी ड्राइव्हचं शेअरिंग काढलं.

मग फक्त ‘लग्न’ फोल्डर शेअर केला. ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग’मधून शेअर केलं की ‘एव्हरीवन’ला आपोआप फक्त ‘रीड’ मिळतं. फोटो उघडतो पण सेव्ह होत नाही, अशा पुष्कळशा तक्रारी इथे उगम पावतात. तिथे ‘एव्हरीवन’ काढून गटाला ‘चेंज’ दिलं, आणि सिक्युरिटी टॅबमध्ये त्याच गटाला ‘मॉडिफाय’. ‘फुल कंट्रोल’ दिलं नाही, कारण त्यात परवानग्या बदलायचा आणि मालकी घ्यायचा हक्कही येतो. अल्बम करायला तो लागत नाही.

दादाचा पीसी लगेच जोडला गेला. लॅपटॉप अडला. नवं नाव आणि पासवर्ड टाकल्यावर विंडोज म्हणालं की एकाच सर्व्हरला एकाच वापरकर्त्यानं दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही. हा १२१९ क्रमांकाचा एरर. मुलीनं आधीच्या धडपडीत अण्णांच्या नावानं जोडायचा प्रयत्न केला होता आणि ते नाव क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जपून ठेवलेलं होतं. तेही अण्णांच्या पिनसह. पिन त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवर तो पासवर्ड म्हणून चालत नाही. जपलेली नोंद पुसली, ‘नेट यूज’ आदेशानं जुनी जोडणी तोडली, साइन आउट करून परत साइन इन केलं. या वेळी नाव लिहिताना आधी डेस्कटॉपचं नाव, मग उलटी तिरकी रेघ (\), मग खात्याचं नाव असं पूर्ण लिहिलं. उघडलं. जुन्या लग्नांचे फोल्डर उघडून, सेव्ह करून, एक फाइल पुसूनही पाहिली. सगळं नीट.

पुन्हा तीच तक्रार, कारण मात्र वेगळं

पुढचं लग्न झालं आणि फोन आला. “काका, दादाचे फोटो उघडतात, बाबांचे नाही.”

फोल्डरमध्ये नावं सगळी दिसत होती. दादानं काढलेले फोटो उघडत होते. अण्णांच्या फोल्डरवर क्लिक केलं की परवानगी नाही. घरात तोवर वेगळाच वास येऊ लागला होता: अण्णांनी मुद्दाम काही केलंय का, की दादानं स्वतःपुरतं काही वेगळं करून ठेवलंय. परवानग्यांच्या बिघाडातला हा भाग कुठल्या व्हिडिओत नसतो. यंत्र एकाला आत घेतं, दुसऱ्याला नाही, आणि माणसं त्यातून हेतू शोधू लागतात.

पासवर्ड परत टाकून बघा, डेस्कटॉप रीस्टार्ट करा, असं फोनवर सांगता आलं असतं. पण एकाच शेअरमधल्या काही फाइली उघडत असतील तर ओळखीचं आणि शेअरच्या फाटकाचं काम बरोबर चाललेलं असतं. दोष त्या त्या फाइलीवरच असणार. म्हणून खाली बसून दोन फाइली शेजारी ठेवल्या, एक दादाची आणि एक अण्णांची, आणि दोन्हींच्या सिक्युरिटीतली ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ खिडकी उघडली. दादाच्या फाइलीवर गटाचं नाव होतं, वारसा ‘लग्न’ फोल्डरकडून. अण्णांच्या फाइलीवर गटच नव्हता. फक्त अण्णांचं नाव. ‘इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस’मध्ये मुलीचं खातं निवडून तपासलं, तर सगळ्या ओळींवर लाल फुल्या.

“अण्णा, कार्ड कुठे उतरवता?”

“‘माझं’मध्ये. मग तिथनं कट करून ‘लग्न’मध्ये पेस्ट.”

‘माझं’ आणि ‘लग्न’ दोन्ही डी ड्राइव्हवर. एकाच ड्राइव्हवर फाइल कट-पेस्ट केली की विंडोज ती खरोखर हलवत नाही, फक्त तिचा पत्ता बदलतं, आणि तिच्यावरची परवानग्यांची यादी जुनीच राहते. बिऱ्हाड नव्या वाड्यात आलं तरी दाराला कुलूप जुन्याच घराचं. कॉपी केली, किंवा दुसऱ्या ड्राइव्हवरून आणली, तर नवी फाइल तयार होते आणि ती नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. दादा आपलं कार्ड स्वतःच्या पीसीवरून नेटवर्कमार्गे टाकायचा, त्यामुळे त्याच्या फाइली ‘लग्न’मध्येच जन्माला यायच्या.

मग आधीच्या चाचणीत हे का दिसलं नाही? अण्णांनी तशीच कट-पेस्ट केलेली जुनी लग्नं तेव्हाही फोल्डरमध्ये होतीच. पण वरच्या फोल्डरच्या परवानग्या बदलल्या की विंडोज खालच्या सगळ्या फाइलींचा वारसा नव्यानं मोजतं. मी गटाला ‘मॉडिफाय’ दिलं त्या क्षणी जुन्या फाइली दुरुस्त झाल्या. त्यानंतर आलेल्या मात्र झाल्या नाहीत. हा बिघाड कोणीतरी काहीतरी बदललं की नाहीसा होतो आणि आठवड्यानं परत उगवतो. त्यामुळे ‘त्या दिवशी केलं होतं तेच परत करा’ हा उपाय दर वेळी लागू पडतो आणि मूळ कारण कधीच सापडत नाही.

दुसरी कारवाई

तात्पुरता उपाय सोपा होता. ‘लग्न’च्या अ‍ॅडव्हान्स्ड खिडकीत खालच्या सगळ्या वस्तूंच्या परवानग्या इथल्या वारशानं बदलण्याची खूण असते, ती केली. हे करण्याआधी खाली कुठे मुद्दाम वेगळ्या परवानग्या ठेवल्या आहेत का ते पाहून घ्यावं लागतं, कारण त्याही उडतात. इथे नव्हत्या. मुलीचं काम त्याच संध्याकाळी सुरू झालं.

कायमचं काय करायचं यावर मात्र बराच वेळ बोललो. ‘माझं’ सर्वांना खुलं करावं हा पर्याय अण्णांनी नाकारला, रास्तच. अण्णांनी कट ऐवजी कॉपी करावं, हे ऐकायला सोपं. पण रात्री दोनला लग्नाहून आलेला माणूस कोणती कळ दाबेल याच्या भरवशावर व्यवस्था उभी करू नये. मुलीनं विचारलं, “कार्ड ‘माझं’मध्ये उतरवायचंच कशाला?” खरा प्रश्न हाच होता. अण्णांना भीती होती मूळ फोटो पुसले जाण्याची. ती भीती परवानग्यांनी घालवता येत होती, तिच्यासाठी खाजगी फोल्डरचा आडोसा लागत नव्हता.

म्हणून ‘लग्न’चे दोन भाग केले, दोन वेगळे शेअर. ‘मूळ’मध्ये फक्त अण्णा लिहू शकतात, गट वाचू शकतो. ‘काम’मध्ये सगळे लिहू शकतात. दोन्ही कॅमेऱ्यांची कार्डं आता अण्णाच डेस्कटॉपवर ‘मूळ’मध्ये उतरवतात. दादाला हे थोडं लागलं, कारण त्याचं कार्ड त्याच्या हातून गेलं. त्यावर परवानग्यांचा उतारा नव्हता. अण्णांनी त्याला समोर बसवून सांगितलं की पुसलं गेलं तर दोष कुणाच्या माथी येऊ नये म्हणून हे आहे.

मुलगी आणि दादा ‘मूळ’मधून लागतील तेवढ्या फाइली ‘काम’मध्ये कॉपी करतात. त्यांनी सवयीनं कट केलं तरी ‘मूळ’मधून पुसायचा हक्क नसल्यामुळे मूळ फाइल तिथेच राहते, आणि दोन वेगळ्या शेअरांमधली हालचाल असल्यामुळे पलीकडे नवीच फाइल तयार होते. एक चोरवाट उरली: अण्णांनी स्वतः डेस्कटॉपवर ‘मूळ’मधून ‘काम’मध्ये कट-पेस्ट केलं तर वाचण्यापुरत्या परवानग्या सोबत येतील आणि मुलीला सेव्ह करता येणार नाही. अण्णांचा ‘काम’शी संबंधच येत नाही, म्हणून ती तशीच सोडली.

परिणाम

त्या हंगामातली उरलेली लग्नं या व्यवस्थेवर पार पडली. एकदा ‘काम’ दिसेना झालं तेव्हा डेस्कटॉप झोपला होता, बाकी काही नव्हतं. स्लीप बंद करून टाकलं. एकदा दादानं ‘काम’मधला आख्खा फोल्डर चुकून पुसला. नेटवर्कवरून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, ते गेलंच. मूळ फोटो जागेवर होते, दोन दिवसांचं करेक्शन वाया गेलं.

काय वेगळं करता आलं असतं

राउटर बदलल्या दिवशी एकच गोष्ट बदलून पाहिली असती तर हे प्रकरण झालंच नसतं. व्हिडिओतल्या चार उपायांतला कुठला लागू पडला हे न कळता चारही तसेच राहिले. त्यातून सगळी ड्राइव्ह उघडी पडली, उघडी पडली म्हणून अण्णांनी ‘माझं’ बंद केलं, आणि बंद फोल्डरातून फाइली बाहेर आल्या त्या बंदच राहून.

पहिल्या भेटीत ‘कोण कुठल्या नावानं येतं’ हे विचारलं गेलं, ‘फाइल इथवर कशी येते’ हे नाही. चाचणी जुन्या फोल्डरांवर झाली. एक कार्ड अण्णांच्या नेहमीच्या पद्धतीनं उतरवून, वर लॅपटॉपवर उघडून, सेव्ह करून पाहिलं असतं तर दुसरा फेरा टळला असता. आता मी कुठल्याही घरी हीच चाचणी आधी करतो.

विंडोज १०ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली आहे, तेव्हा डेस्कटॉप बदलण्याचा विषय निघणारच. त्याआधी जागेचा प्रश्न येईल. ‘मूळ’ आणि ‘काम’ दोन्हींत फाइली राहत असल्यामुळे ४ टीबी लवकर भरतेय. दुसरी ड्राइव्ह घेतली तर ती एनटीएफएसमध्येच फॉरमॅट करायची असं मुलीला लिहून दिलंय. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच बाहेरच्या ड्राइव्ह एक्सफॅट या दुसऱ्या मांडणीत येतात, आणि एक्सफॅटवर ही परवानग्यांची यादीच नसते. मग सगळी भिस्त शेअरच्या एकाच फाटकावर राहील, आणि डेस्कटॉपसमोर बसलेल्याला तेही लागत नाही.